मेंढरांजवळ कोण राहिलं?

डिसेंबरची थंडी जरा मुरली की आमच्या मागच्या खिडकीतून एक वास घरात येतो. लोकरीचा, लेंड्यांचा, चुलीच्या धुराचा. उमरग्याच्या अगदी कडेला, जिथं घरं संपतात आणि काळी रानं सुरू होतात, तिथं आमचं घर. मागच्या रानातलं सोयाबीन निघालेलं असतं आणि पुढं ऊस लावायचा म्हणून मालकानं ते तसंच ठेवलेलं असतं. अशा रिकाम्या रानात तो दर हिवाळ्यात मेंढरं बसवतो. मेंढपाळ आपला कळप घेऊन येतात, काही रात्री मेंढरं त्या रानात बसतात, रानाला खत मिळतं, मेंढपाळांना धान्य मिळतं. मग कळप पुढच्या रानात जातो.

या वर्षी कोणता महिना चालू आहे याचं मला भान नव्हतं. भिंतीवरचं कॅलेंडर भाद्रपदातच अडकलेलं होतं, पान उलटायचं राहून गेलं होतं. एका सकाळी खिडकी उघडली आणि तो वास आत आला. मी जागच्या जागी उभा राहिलो. नाताळ आला होता. सुमन नसलेला पहिला नाताळ.

सुमन माझी बायको. घरी शिवणकाम करायची. मी कॉलेजात इतिहास शिकवायचो, आता निवृत्त आहे. आमच्या दोघांत वाचणारा मी आणि विचारणारी ती. रविवारी उपासना संपली की आम्ही चालत घरी यायचो आणि त्या वाटेवर तिचे प्रश्न सुरू व्हायचे. शास्त्रपाठ माझ्या कानावरून सवयीनं निघून जायचा, ती मात्र त्यातल्या स्वयंपाकघरात जाऊन डोकावून यायची. पेत्राची सासू तापानं फणफणलेली, प्रभूनं हात धरला, ताप उतरला आणि ती उठून सगळ्यांची सेवा करू लागली, हे वाचलं गेलं त्या दिवशी सुमन वाटेत थांबली आणि म्हणाली, "बघा, ताप उतरला की लागली स्वैपाकाला. एक दिवस तरी बसू द्यायचं बाईला." चार दिवस कबरेत राहून परत आलेल्या लाजाराला बहिणींनी आधी खायला काय घातलं असेल, यावर तिनं माझ्याशी आठवडाभर वाद घातला होता. मी म्हणालो, मऊ भात. ती म्हणाली, चार दिवसांच्या उपाशी माणसाला आधी पेज, मग भात.

आणि असाच एका नाताळच्या संध्याकाळचा तो प्रश्न. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती, आमची लेक एस्तेर अजून माझ्या खांद्यावर बसून चर्चला यायची. पाळकसाहेबांनी मेंढपाळांची गोष्ट सांगितली. रात्रीची वेळ, रानात कळप, आकाशात उजेड, देवदूताचा निरोप, आणि ते घाईघाईनं बेथलेहेमला निघाले. घरी येताना सुमन वाटेत थांबली. मग म्हणाली,

"आणि मेंढरं?"

"काय मेंढरं?"

"मेंढरं कुणाजवळ ठेवून गेले ते?"

"तसं काही लिहिलेलं नाही."

"लिहिलं न्हाय म्हणजे मेंढरं नव्हती व्हय? रात्रीची वेळ, लांडग्याचं भ्या. कुठला शहाणा माणूस कळप उघड्यावर टाकून जाईल?"

"देवदूतांनी राखली असतील."

"देवदूतांना गाता येतं. मेंढरं राखता येतात का, ते बघा तुमच्या पुस्तकात."

मी खरंच बघितलं. पाळकसाहेबांच्या कपाटातली जुनी भाष्यं आणली, सोलापूरला गेलो की ग्रंथालयात बसलो. कुणी लिहिलं होतं, दगडी कोंडवाड्यात ठेवली असतील. कुणी लिहिलं होतं, विश्वासानं सोडून गेले. बहुतेकांना हा प्रश्नच पडला नव्हता. मी एकेक उत्तर तिच्या मशीनजवळ नेऊन ठेवायचो आणि ती पाय न थांबवता मान हलवायची. "न्हाय. एकजण मागं राहिला असणार," ती म्हणायची. तिनं पाळकसाहेबांनाही गाठलं. ते हसून म्हणाले, "सुमनबाई, पुढच्या नाताळला प्रवचन तुम्हीच द्या." तिनं प्रवचन दिलं नाही. पण दर वर्षी घरात मातीच्या बाहुल्यांची गव्हाणी, म्हणजे प्रभूच्या जन्माचा देखावा, मांडायची तेव्हा एक मेंढपाळ ती सगळ्यांपासून लांब, टेबलाच्या पार टोकाला ठेवायला लागली. आल्यागेल्यानं विचारलं, हा खाली पडेल की, तर म्हणायची, "तो राहिलेला आहे. त्याला काहीच बघायला मिळालं नाही, बिचाऱ्याला."

मला तेव्हा ही तिची गंमत वाटायची. हे वर्ष माझ्या घरात आलं तेव्हा कळलं की काही माणसांना मागं राहिलेल्यांचीच काळजी असते.

एस्तेर आमची एकुलती एक मुलगी. मस्कतच्या एका दवाखान्यात नर्स आहे. भाद्रपदात सुमनला भोवळ आली, डोक्यात रक्तस्राव झाला होता, सोलापूरला नेलं तेव्हा उशीर झाला होता. एस्तेरचा वॉर्ड भरलेला होता, रजा मंजूर व्हायला आणि तिकीट मिळायला वेळ लागणार होता. पाऊस चालू होता. तिनंच फोनवर सांगितलं, "थांबू नका पप्पा. आईला ताटकळत ठेवू नका." आम्ही दुसऱ्या दिवशी माती दिली. रजा मंजूर झाली तेव्हा ती आलीच नाही. म्हणाली, "आता येऊन काय बघू?"

तेव्हापासून ती दर रविवारी फोन करायची. मी जेवलो का, गोळ्या घेतल्या का, गॅसची टाकी आली का, सगळं विचारायची. पण मी "आई" म्हटलं की पलीकडून शब्द यायचा, "पेशंट आलाय." एकदा व्हिडिओवर बोलताना मी म्हणालो, चल, कबरेवर काय लावलंय दाखवतो. तिनं फोनच बंद केला. कबर तिनं अजून पाहिली नव्हती. आईसाठी ती रडली की नाही, हेही मला माहीत नव्हतं. मला भीती वाटायची ती याची. माणूस दुःखाकडं पाठ करून उभा राहिला की हळूहळू त्याला तसंच उभं राहायची सवय लागते. आज ती कबरेपासून लांब आहे, उद्या या घरापासून लांब जाईल, मग माझ्यापासून. मी बायकोला माती दिली होती. मुलगी जिवंत असून हातातून चालली होती, आणि इतकी वर्षं पुस्तकं वाचलेल्या माणसाला तिच्याशी काय बोलावं ते सुचत नव्हतं.

नाताळच्या आधीच्या आठवड्यात तिनं सांगितलं, "पंचवीस तारखेला माझी ड्युटी आहे. माझं नाव मीच दिलं."

माझ्या प्रार्थनेचंही तसंच झालं होतं, काय बोलावं ते सुचत नव्हतं. गुडघे टेकायचो आणि लहानपणी पाठ केलेलं तेवढंच ओठांवर यायचं. भेटायला येणारे म्हणायचे, देवाची इच्छा. मी मान हलवायचो. देवाच्या इच्छेबद्दल मला राग नव्हता, कुतूहल होतं. सुमन असती तर तिनं वाटेत थांबून विचारलं असतं, "इच्छा म्हणजे नेमकं काय हो? त्याला तरी बरं वाटलं असेल का?" तो प्रश्न मी देवाला विचारला. उत्तर आलं नाही. पण प्रश्न विचारल्यावर समोर कुणीतरी आहे असं मात्र वाटलं. कुणीच नसेल तर माणूस प्रश्न कशाला विचारेल, असं मी मलाच समजावलं आणि त्या रात्री बरी झोप लागली.

आमच्याकडं नाताळच्या आधी मंडळीतली माणसं संध्याकाळी घरोघर गाणी म्हणत फिरतात. ढोलकी, टाळ, एक पेटी, पुढं कागदी तारा. फेरीत आमचं घर शेवटचं, म्हणून चहा नेहमी आमच्याकडं. सुमन मोठं पातेलं चढवायची, आलं ठेचायची. या वर्षी मी दूध जास्तीचं घेतलं, कप धुऊन पालथे घातले. ढोलकी ऐकू आली. कोपऱ्यावरच्या घरात गाणं झालं. मग ढोलकी थांबली, आणि पावलांचा आवाज तेवढा आमच्या दारावरून पुढं गेला. कुणीतरी टाळांवर हात ठेवले असावेत, झणझण झाली आणि विझली.

मला कळलं. दुःखाच्या घरी गाणं नको, या मर्यादेनं ते गेले होते. मीही मर्यादेचा माणूस. दार उघडून "या" म्हणावं, तर त्यांना अवघड होईल, असा विचार करत मी आत उभा, आणि आपण थांबलो तर सरांना अवघड होईल, असा विचार करत ते बाहेर चाललेले. आमच्या लोकांचं हे असंच आहे.

शेजारच्या शकीलाभाभी मात्र असल्या मर्यादा पाळत नाहीत. त्यांचा आवाज गल्लीभर गेला.

"ए मास्तर! ढोलकीवाले! कुठं चालले?"

"भाभी, सरांच्या घरी यंदा..."

"यंदा काय? ह्या घरात माणूस ऱ्हात न्हाय का? बाई गेली, तर घर पण गेलं का? चला मागं! सुमनबाजीनं दर साल चहा पाजला, तो उतरला का गळ्याच्या खाली?"

"भाभी, तसं न्हाय, आमच्यात जरा..."

"तुमच्यात जे असंल ते असंल. मी आलं ठेचून आणलालीये."

मग ते आले. अंगणात एकमेकांच्या मागं लपत उभे राहिले. कोणतं गाणं म्हणावं यावर कुजबूज सुरू झाली. एकजण म्हणाला, शांत घ्या, दफनातलं घ्या. दुसरा म्हणाला, नाताळात दफनातलं कोण म्हणतं रे? शेवटी पेटीवाल्यानं कुणाला न विचारता नेहमीचं, जन्माच्या आनंदाचं गाणं धरलं. सगळे दबक्या आवाजात म्हणत होते. ढोलकीवाला तर नुसती बोटं फिरवत होता, जणू झोपलेल्या लेकराला थोपटतोय. दुसऱ्या कडव्याला त्याच्या हाताला राहवलं नाही. थाप पडली. त्यानं घाबरून माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "वाजव की."

भाभींचा चहा फार गोड झाला होता. सगळ्यांनी दोनदा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या रानात गेलो. इतक्या वर्षांत तिथं सुमन जायची. ताकाची कळशी आणायची, मेंढपाळांच्या लेकरांचे उसवलेले कपडे आणून शिवून द्यायची. मी खिडकीतून बघणारा. दर वर्षी येणारा मेंढपाळ बिरप्पा वाघर गुंडाळत होता. वाघर म्हणजे कळपाभोवती लावायची जाळी. त्याची बायको लक्ष्मव्वा भाकरी थापत होती. कानडी वळणाचं मराठी बोलते ती.

"या की सर. काय करलालाव? अक्का दिसंनात यंदा. बघाय गेली होती मी, दार लावलेलं."

वर्षभर वाटेवर असलेल्या माणसांना कोण कळवणार? मी सांगितलं. तिचा हात पिठात तसाच राहिला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिनं उलटली नाही. बिरप्पानं डोक्याचं मुंडासं काढलं आणि मांडीवर ठेवलं. मेंढरं आपल्या नादात चरत होती. लक्ष्मव्वा म्हणाली, "माझ्या ब्लाउजची बाही आखूड केली होती अक्कानं. मी भांडली होती."

"तिनं मला सांगितलं होतं," मी म्हणालो. "म्हणाली होती, लक्ष्मव्वाचा दंड वाढला, माझं माप बरोबर आहे."

ती हसली आणि मग पदर तोंडाला लावून रडली.

चहा झाल्यावर मी विचारलं. का विचारलं, मलाही ठाऊक नाही. कदाचित सुमनचं एक काम माझ्याकडं राहून गेलं होतं म्हणून. "बिरप्पा, तुम्ही सगळे जत्रेला जाता तेव्हा मेंढरांजवळ कोण राहतं?"

"ज्याचं लगीन झालं न्हाय, त्यो," बिरप्पा म्हणाला. "त्याला काय बायको वरडत न्हाय, मला जत्रेला न्या म्हणून."

"खोटं बोलतंय, सर," लक्ष्मव्वा म्हणाली. "दर साली मीच ऱ्हाती. हे जातंय नाचाय."

"मग वाईट नाही वाटत?"

"वाटतंय की. पहिल्या साली लई रडली मी. पर ही माणसं आली की देवाचा भंडारा घेऊन येत्यात. आदी आमच्या कपाळाला लावत्यात, मग मेंढरांच्या. तवर कुणी भाकर तोडत न्हाय. मग बसून सगळं सांगाय लागतंय त्यांनी. पालखी कशी निघाली, कोण पडलं, कुणाचं भांडण झालं. सांगितलं न्हाय तर मी जेवाय वाढत न्हाय."

"दोनदा सांगाय लावती," बिरप्पा म्हणाला.

मी घरी आलो आणि शास्त्र उघडलं. ती गोष्ट मी आयुष्यात किती वेळा ऐकली असेल. आमची गोष्ट नेहमी गव्हाणीपाशी संपायची. बाळ, आई, गुडघे टेकलेले मेंढपाळ, आणि मग चहा-करंज्या. पण त्याच्या पुढं एक लहानसं वाक्य आहे. मेंढपाळ देवाचं गौरव करत परत गेले. परत कुठं जाणार? कळपाकडंच. सुमनच्या त्या मागं राहिलेल्या माणसाकडं. त्यांनी त्याला सगळं सांगितलं असणार, आणि त्यानं दोनदा सांगायला लावलं असणार. देवदूतानं सांगितलेला आनंद सगळ्या लोकांसाठी होता, तर तो त्याच्यासाठीही होता. फक्त त्याच्याकडं तो चालत, कुणाच्या तरी तोंडून आला. माझं मन शांत झालं असं म्हणणार नाही. पण पुष्कळ दिवसांनी मला कुणाला तरी काहीतरी सांगावंसं वाटलं.

रविवारी एस्तेरचा फोन आला तेव्हा मी सगळं सांगितलं. ढोलकी, भाभी, बाही, भंडारा. ती हसली.

"पप्पा, हे विचारायला तुम्ही रानात गेलात? शेणातून?"

"लेंड्यांतून."

"आईला सांगायला पाहिजे," ती बोलून गेली.

मी म्हणालो, "बाळा, तू मागं राहिलीस ते कुणाच्या तरी आजारी माणसांजवळ राहिलीस. आई त्या मागं राहिलेल्या मेंढपाळाला कधी वाईट म्हणाली नाही. त्याच्यासाठी तिनं टेबलावर जागा ठेवली."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. मग, "पप्पा, पेशंट आलाय." फोन बंद.

मी उगीच बोललो असं वाटलं. शिक्षकाची खोड, प्रत्येक गोष्टीचा धडा करायची.

नाताळच्या दिवशी उपासना झाल्यावर आमच्याकडं बरेच जण कब्रस्तानात जातात. नव्या कपड्यांत, हातात फुलं आणि मेणबत्त्या घेऊन. वाऱ्यानं मेणबत्त्या राहत नाहीत, तरी लावतात. पलीकडच्या हायवेवरून ट्रक जात असतात. सुमनची माती अजून पुरती बसलेली नाही, पावसानं एका बाजूला खचली आहे. मी ती हातानं सारखी करत होतो तेव्हा फोन वाजला. एस्तेर.

"कुठं आहात?"

खोटं सांगायचं मनात आलं. पण सांगितलं, "आईकडं आलोय."

मी फोन बंद होण्याची वाट पाहिली. पलीकडं कुठल्या तरी गाडीची चाकं फरशीवरून गेली.

"काय नेलंत?"

"शेवंती."

"पांढरी?"

"पिवळी. पांढरी संपली होती."

"आईला पिवळी आवडत नव्हती पप्पा."

"माहीत आहे."

"माहीत आहे तर मग आणली कशाला? मोकळ्या हातानं जायचं! आई काय म्हणाली असती? एवढं पण जमत नाही तुम्हाला!"

तिचा आवाज चढला होता. मी ऐकत राहिलो. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदाच आईबद्दल बोलत होती, आणि भांडत होती. मी तिला थांबवलं नाही. मग तीच थांबली. श्वास घेतल्याचा आवाज आला.

"कॅमेरा लावू नका. फोन नुसता तिथं ठेवा. स्पीकर चालू करा. आणि तुम्ही जरा लांब जा."

आमच्यात मेलेल्यांशी बोलत नाहीत. ते प्रभूमध्ये निजलेले आहेत, त्यांच्याशी नाही, त्यांच्या देवाशी बोलावं, असं मी स्वतः रविवारच्या शाळेत शिकवलं आहे. मी कबरेच्या डोक्याशी लावलेल्या दगडावर फोन ठेवला, वारा लागू नये म्हणून त्याच्या एका बाजूला वीट उभी केली, आणि कुंपणाच्या भिंतीपर्यंत चालत गेलो. तिथून फोन दिसत होता, आवाज येत नव्हता. मधेच ट्रक जायचा. ती आईशी बोलत असेल, की देवाशी, की नुसती रडत असेल? मला फार जाणून घ्यावंसं वाटत होतं. माझ्या ओळखीचे काहीजण जाता जाता "सलाम सर" म्हणाले, त्या दगडावरच्या फोनकडं पाहून थबकले, आणि काही न विचारता पुढं गेले. मर्यादेची माणसं. त्या दिवशी मला ती फार आवडली.

मेणबत्त्या विझल्या. लोक पांगले. ऊन अंगाला लागायला लागलं तरी मी भिंतीला टेकून उभा होतो.

मग मोठ्यानं हाक आली, "पप्पा! ओ पप्पा!"

मी धावत गेलो. या वयात धावायला नको होतं. फोन उचलला, त्याला माती लागली होती.

"झालं आमचं," एस्तेर म्हणाली. नाक चोंदलेलं, आवाज बसलेला. मग नाक ओढून, दटावल्यासारखं म्हणाली, "ती पिवळी राहू द्या आता. पांढरी मी आल्यावर आणीन."